कागदावरची बस आणि गेटवर आलेली बस

शाळेची सहल नेणाऱ्या एका शिक्षकांची पोस्ट वाचली: आठवीची ८४ मुलं, दोन बस, जानेवारीत भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत, आणि ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, "गाडीचा नंबर आदल्या दिवशी देतो, टेन्शन घेऊ नका." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायलाच बसलो. संमतीपत्रं, औषधांची पेटी, मुलींसोबत शिक्षिका हे तुम्ही केलंच असेल, त्यात पडत नाही. घोळ होतो तो गाडीत.

सहलीच्या परवानगीच्या अर्जाला तुम्ही एका गाडीचे कागद जोडता आणि पहाटे साडेपाचला गेटवर वेगळीच गाडी उभी राहते. ट्रॅव्हल्सवाल्याच्या दृष्टीने ती "तशीच" गाडी असते. पण परवानगीपत्रावर नंबर जुना, प्रवासी यादीवर जुना, आणि नव्या गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र कधी संपतंय हे कुणी पाहिलेलंच नसतं. वाटेत तपासणीला थांबवलं की ४० मुलं रस्त्याच्या कडेला आणि मुख्याध्यापक फोनवर. याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा परमिट, फिटनेस आणि आसनक्षमता बघते.

बरं, गाडी बदलल्याचं आधी कळवावं तर तेही सोपं नाही. आमचा अर्ज ज्या कार्यालयात होता (नाव घेत नाही), तिथे तो आठवडेच्या आठवडे पडून. विचारलं की "साहेब मीटिंगला आहेत". नंबर बदलल्याचं पत्र नेलं तर "नवा अर्ज करा, पहिल्यापासून". दुरुस्तीपत्र म्हणून काही प्रकार असतो हे टेबलावरच्या माणसाला मान्यच नव्हतं. म्हणून सांगतो, नंबर बदलायची वेळच येऊ देऊ नका.

ते असं. दोन बस लागणार असतील तर अर्जाला तीन गाड्यांचे कागद जोडा, तिसरी राखीव म्हणून. आगाऊ रक्कम देताना पावतीवर तिन्ही नंबर लिहून घ्या आणि यांच्याबाहेरची गाडी आली तर पैसे परत, असं त्याच पावतीवर. जो हे लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्या स्वतःच्या गाड्या नसतात, तो आयत्या वेळी दुसऱ्याकडून उचलतो. हे माझं मत, सगळेच तसे नसतीलही. नंबर मिळाले की एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर स्वतः बघा: फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट. तारीख सहलीच्या शेवटच्या दिवसाच्या पुढची हवी, निघायच्या दिवसाच्या नव्हे. आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) आसनसंख्येत चालकही मोजलेला असतो, त्यामुळे केबिनमध्ये चार मुलं "अ‍ॅडजस्ट" करू देऊ नका. शाळेची पिवळी बस न्यायचा विचार असेल तर तिचं परमिट मुलांच्या रोजच्या ने-आणीचं असतं, बाहेरगावासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. मी वकील नाही, तुमच्या आरटीओत एकदा विचाराच.

प्रवासी यादी बसनिहाय करा, शाळेच्या शिक्क्यासह. एक प्रत चालकाकडे, एक शिक्षकांकडे, एक शाळेत. आणि वाटेत घोटीला चहा झाला की मुलं मैत्रिणी-मित्रांसाठी बस बदलतात, तिथे यादी खोटी पडते. दर थांब्यावर नावाने हजेरी, नुसती डोकी मोजून भागत नाही.

गेटवर वीस मिनिटं राखून ठेवा. आपत्कालीन दार हँडल फिरवून खरंच उघडून बघा, बहुतेकदा समोर बॅगा रचलेल्या असतात. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. पुढचे टायर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) नकोत. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात: २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ते बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, न दिसले तर आतून बघा.

चालकाला एकच गोष्ट ठणकावून सांगा. परतीला कसारा घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल नाही. डिझेल वाचवायला काही जण तसं करतात. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं.

रात्री चालक कुठे झोपणार हे कुणी ठरवत नाही. मग तो बसच्या पॅसेजमध्ये पडतो, मुलांचा दंगा ऐकत. त्याला मुलांपासून लांब खाट आणि वेळेवर जेवण द्या. परतीचा घाट त्यालाच उतरायचा आहे.

मोठी बस शेंडीपर्यंतच (भंडारदरा धरणाजवळचं गाव) न्या. रतनवाडी-साम्रदकडे रस्ता अरुंद, समोरून जीप आली की मागे घ्यायला जागा नाही. तिथल्या जीप सांगून ठेवा. पुढचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, शेकोटी आणि स्पीकर डोक्यातून काढून टाका. तंबू पाण्यापासून लांब. मुरूडला २०१६ मध्ये १४ विद्यार्थी बुडाले तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत कुणी सवलत देत नाही, देऊही नये. कॅम्पवाल्याकडे पर्यटन संचालनालयाची साहसी पर्यटनाची नोंदणी आहे का तेही विचारा, बरेच जण फक्त इन्स्टाग्रामवर असतात.

पिण्याचं पाणी दिवसाला माणशी चार लिटर धरा. ८४ मुलं आणि दहा मोठी माणसं म्हणजे २० लिटरचे १९ जार. उलटीच्या गोळ्या पालकांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका, आलेपाक चालेल. उलटी होणाऱ्यांना पुढच्या सीट द्या, मागच्या सीटवर घाटात जास्त हेलकावे बसतात. शौचालयासाठी शहापूर आणि घोटी, त्यापुढे मुलींची पंचाईत होते.

आणि पालकांना परतीची वेळ आधी सांगू नका. रविवारी संध्याकाळी पडघ्यापासून ठाण्याच्या माजिवड्यापर्यंत कधी अडकाल याचा नेम नाही. शहापूर सोडलं की ग्रुपवर एक मेसेज टाका, तोवर कुणालाही शाळेच्या गेटवर उभं करू नका.