आधी बाटली कुठे ठेवता ते पाहा

सकाळी लावलेला परफ्यूम राजवाड्याजवळच्या घरून विजयनगरच्या कार्यालयात पोहोचेपर्यंत उडून जातो आणि दुकानदाराने त्याचा दोष आपल्या त्वचेला दिला, असे आपण लिहिले आहे. मला चार वर्षांपूर्वीचे माझेच दिवस आठवले. आंघोळीनंतर लावणे, कोरड्या त्वचेवर आधी बिनवासाचे मॉइश्चरायझर चोळणे हे आपण करीतच असाल, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

माझी चूक फळीची होती. दिसायला देखणी म्हणून बाटली खोक्यातून काढून मी न्हाणीघरात आरशाखाली, गीझरच्या शेजारी मांडली. खिडकी पश्चिमेची, त्यामुळे मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की दुपारचे ऊन थेट बाटलीवर पडे. उष्णता, उजेड आणि हवा या तिन्हींनी सुगंधी द्रव्ये बिघडतात, आणि लिंबू-संत्र्यासारखे हलके वास त्यात सर्वांत आधी जातात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

मी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिले. सहा आठवडे बिल, खोक्याचे छायाचित्र, बाटलीच्या बुडाशी छापलेला क्रमांक, मग ‘अस्पष्ट आहे’ म्हणून तेच छायाचित्र पुन्हा, असे चालले आणि शेवटी एका ओळीत उत्तर आले की परिणाम त्वचेनुसार भिन्न असू शकतो. बाटली कुठे ठेवता, एवढा एक प्रश्न कोणी विचारला नाही. मीही त्वचेलाच दोष देऊन अधिक तीव्रतेची, दुप्पट किमतीची दुसरी बाटली आणली आणि ती त्याच फळीवर ठेवली!

दिवाळीत नणंदेकडे उलगडा झाला. पहिली बाटली आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतली होती. तिची लोखंडी कपाटात, खोक्यातच होती. दोन्ही शेजारी धरल्या तेव्हा तिचा रंग फिकट गवती आणि माझा पातळ चहासारखा दिसला. कागदाच्या पट्टीवर तिच्या परफ्यूमला संत्र्याच्या सालीचा वास येत होता, माझ्याला डब्यात राहिलेल्या जुन्या तेलाचा.

दुसरी शक्यताही तपासावी. आपल्याच अंगावरचा वास नाकाला थोड्या वेळात जाणवेनासा होतो. मी तो गेला असे समजून पुन्हा पुन्हा फवारत असे आणि शेजारची सहकारी मुकाट्याने खिडकी उघडत असे. तेव्हा दुपारी दुसऱ्या कोणाला तरी विचारावे. शिवाय बाटलीवर ‘ओ द त्वालेत’ लिहिले असेल तर त्यात सुगंधी द्रव्य साधारण ५ ते १५ टक्केच असते. त्याच्याकडून संध्याकाळपर्यंतची अपेक्षा धरणे मला तरी अन्यायाचे वाटते.

मी या विषयातली तज्ज्ञ नाही. अंगाला खाज येत असेल तर डॉक्टरांनाच दाखवावे. उन्हात जाताना मानेवर लावू नये, कारण परफ्यूममध्ये बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल असेल तर उन्हाने काहींच्या त्वचेवर काळे डाग पडतात. सुती ओढणीवर वास चांगला टिकतो, पण माहेश्वरी साडीवर चुकूनही फवारू नये. माझ्या एका साडीच्या पदरावरचा डाग अजून निघालेला नाही. तेलकट अत्तर असेल तर कापसाचा फाया कानाच्या पाळीमागे फिरवावा. उन्हाळ्यात मी खसच वापरते.

आता आपली बाटली पांढऱ्या कागदासमोर धरून रंग कसा दिसतो आणि ती आजवर कोणत्या फळीवर होती, ते कळवावे.