एक पडदा, चाळीस वह्या

सप्रेम नमस्कार,

शिक्षणसेवक म्हणून रुजू होऊन तुम्हाला जेमतेम एक सत्र झालं आहे. शाळेत एक स्मार्ट टीव्ही आणि एक जुना लॅपटॉप, खिशात स्वतःचा फोन, समोर चाळीसचा पट. एवढ्यावर गणित-विज्ञानासाठी कोणकोणती ॲप वापरावीत, असं तुम्ही विचारलंत. ॲपची नावं सांगतोच, पण त्याआधी एक काम करा. टाचणवही उघडा आणि गेल्या दोन महिन्यांत वर्ग नेमका कुठे अडला ते लाल पेनाने खुणावून ठेवा. नुसतं ‘अपूर्णांक कच्चे’ लिहू नका. ‘०.३५ ही ०.५ पेक्षा मोठी, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे’ असं मुलाच्या डोक्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहा. साधन या वाक्यासाठी निवडायचं असतं. जिथे वर्ग अडत नाही तिथे खडू टीव्हीपेक्षा जलद चालतो आणि लाईट गेली तरी थांबत नाही.

नववीचा ‘धाराविद्युत’ हा पाठ घेऊ, कारण तिथे एक हट्टी गैरसमज ठाण मांडून बसलेला असतो. बल्ब पेटला म्हणजे त्याने थोडा करंट ‘खाल्ला’, म्हणून बल्बनंतर धारा कमी होते, असं बहुतेक मुलांना मनातून वाटत असतं. ओहमचा नियम तोंडपाठ असला तरी हे वाटणं जात नाही. प्रयोगशाळेतल्या ॲमीटरचा काटा तिसऱ्या बाकावरून दिसत नाही, त्यामुळे प्रयोग करूनही ते तसंच राहतं.

इथे ‘फेट’ची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे आभासी प्रयोग, कामाला येतात. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सगळं मोफत आहे आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात. डीसी परिपथाचं सिम्युलेशन शोधा आणि घरच्या नेटवर उतरवून घ्या. ती एकच फाईल असते आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. शाळेच्या नेटच्या भरवशावर तास आखू नका. भाषांतरातले शब्द पाठ्यपुस्तकाशी जुळतीलच असं नाही, म्हणून विद्युतधारा, विभवांतर, रोध, एकसर जोडणी, समांतर जोडणी हे पुस्तकातले शब्द फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा.

सिम्युलेशनमध्ये एक बॅटरी, एक बल्ब आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना एकेक ॲमीटर जोडा, पण परिपथ अजून पूर्ण करू नका. मुलांना वहीत परिपथ काढून अंदाज लिहायला सांगा: पहिला ॲमीटर जास्त दाखवेल, दुसरा, की दोन्ही सारखं? सोबत एका ओळीत कारण. याला पूर्ण चार मिनिटं द्या. हात वर करून उत्तर मागितलंत तर पाच जण बोलतील आणि बाकीचे त्यांच्या मागे जातील. वहीत लिहिलेला अंदाज ज्याचा त्याचा असतो आणि तो चुकला की मूल खरोखर चमकतं. मग शेवटची तार जोडा. बॅटरी ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा ठेवला असेल तर दोन्हीकडे ०.९० अँपिअर दिसेल. वर्गाला थोडा वेळ त्या आकड्यांकडे बघू द्या, लगेच स्पष्टीकरणाला लागू नका.

पुढचा अंदाज: याच परिपथात दुसरा बल्ब एकसर जोडला तर? ०.४५. समांतर जोडला तर? इथे जवळपास सगळे ‘निम्मा निम्मा’ लिहितात, कारण बॅटरी नेहमी तेवढीच धारा देते असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. पडद्यावर प्रत्येक बल्बमधून ०.९० आणि बॅटरीजवळ १.८० दिसतं. या एका आकड्यावर पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

दोन गोष्टी आधी सेट करून ठेवा. एक, धारेची दिशा. सिम्युलेशन सुरुवातीला इलेक्ट्रॉन दाखवतं आणि पुस्तकातला बाण संकेतानुसार उलट दिशेला असतो. न सांगता तसंच दाखवलंत तर तास दिशेच्या वादात संपतो. दोन, मुलांना लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) करून बॅटरीला लागलेली आग बघायचीच असते. ती एकदा तुम्हीच दाखवून टाका, नाहीतर ते तास संपेपर्यंत तेच मागत राहतात.

आणि हे सिम्युलेशन कुठे खोटं बोलतं, तेही तुम्हाला ठाऊक हवं. त्यातल्या बॅटरीला सुरुवातीला अंतर्गत रोध नसतो आणि बल्बचा रोध कायम १० ओहम राहतो. खऱ्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो. म्हणून दोन खरे बल्ब एकसर जोडल्यावर धारा बरोबर निम्मी होत नाही, निम्म्याहून थोडी जास्त राहते. खऱ्या सेलवर समांतर जोडलेले बल्ब किंचित मंदावतात. त्यामुळे त्याच तासाला १.५ व्होल्टचे दोन सेल आणि टॉर्चचे अडीच व्होल्टचे दोन बल्ब टेबलावर हवेतच. दुकानदार ‘टॉर्चचा बल्ब’ म्हणून एलईडी देईल, तो घेऊ नका. पांढऱ्या एलईडीला पेटायलाच सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणून दोन एकसर जोडले की ३ व्होल्टवर एकही पेटत नाही आणि मुलं भलताच निष्कर्ष काढून घरी जातात. तारेचा जुना बल्ब मागून घ्या.

भूमितीसाठी जिओजेब्रा. २००१ पासूनचं हे साधन मोफत आहे आणि नेटशिवायही चालतं. दहावीच्या ‘वर्तुळ’ पाठातलं अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेल्या कोनाचं प्रमेय त्यात पाच मिनिटांत मांडता येतं: व्यास, त्याचा मध्यबिंदू, वर्तुळ, वर्तुळावर तिसरा बिंदू, आणि कोन. चूक बहुधा तिसऱ्या बिंदूत होते. तो वर्तुळाच्या रेषेवर अडकलेला हवा. रेषेजवळ मोकळाच पडला तर ओढताना वर्तुळ सोडून जातो आणि ९० चे ८७ होतात. मुलांसमोर जाण्याआधी बिंदू एकदा गोल फिरवून बघा. कोन ९० ऐवजी २७० दिसला तर बिंदू उलट क्रमाने दाबले गेले आहेत, क्रम बदला. पूर्णांकात आकडे दाखवायची सेटिंग असेल तर कधी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८१ येते, कारण ५९.६, ६०.७ आणि ५९.७ हे ६०, ६१, ६० असे दिसतात. चौकस मूल हे पकडतंच. तेव्हा दशांश स्थळं वाढवा आणि निकटनात काय हरवलं ते त्यालाच सांगायला लावा. मात्र बिंदू शंभर ठिकाणी ओढून ९०च आला म्हणजे प्रमेय सिद्ध झालं, असं वर्गाला वाटू देऊ नका. त्यानंतर टीव्ही बंद करून, केंद्राला जोडणारी त्रिज्या काढून, दोन समद्विभुज त्रिकोणांवरून सिद्धता फळ्यावरच करा.

आता तपासणीचं. चाळीस मुलांपैकी कोणाला कळलं नाही, हे दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना कळून उशीर होतो. मुलांकडे फोन नसताना ‘प्लिकर्स’ हे ॲप चांगलं काम देतं. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं, त्यावर काळी चौकोनी आकृती आणि चार बाजूंना चार पर्याय असतात. निवडलेला पर्याय वर येईल असं कार्ड धरायचं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचं बघून उपयोग होत नाही. कार्ड जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. मुलांची बोटं आकृतीवर येतात, म्हणून कडेला धरायला पहिल्याच दिवशी शिकवा. कार्डाचा क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवा. नेट नसेल त्या दिवशी चार रंगांचे पुठ्ठे डोळे मिटून वर करायला लावा, तेवढ्यानेही पुष्कळ कळतं.

खरं कौशल्य प्रश्न लिहिण्यात आहे. दशांशांसाठी ‘०.३५ आणि ०.५ पैकी मोठी कोणती’ हा प्रश्न फसवतो. ‘कमी अंकी ती मोठी’ असं मानणारं मूलही ०.५ म्हणतं आणि चुकीच्या कारणाने बरोबर ठरतं. त्याऐवजी ०.३, ०.४७, ०.१२५, ०.०९ यांतली सर्वांत मोठी विचारा. ०.१२५ म्हणणाऱ्याने दशांशचिन्हापुढची संख्या पूर्णांकासारखी वाचली. ०.३ म्हणणाऱ्याला कमी अंक म्हणजे मोठी संख्या वाटते. ०.०९ म्हणणारा फक्त मोठा अंक शोधतो. प्रत्येक चुकीचा पर्याय तुम्हाला काहीतरी सांगतो. ‘वरीलपैकी नाही’ हा पर्याय काहीच सांगत नाही.

उत्तरं आल्यावर काय करायचं, यासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची रीत वापरा. बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चा नको, संकल्पना पुन्हा वेगळ्या रीतीने शिकवा. ३० ते ७० च्या मध्ये असतील तर बरोबर उत्तर न सांगता वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला पटवायला तीन मिनिटं द्या आणि पुन्हा कार्ड वर करायला लावा. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत समजावून पुढे चला. पहिल्या फेरीचा आलेख टीव्हीवर दाखवू नका, उंच स्तंभ दिसला की सगळी मुलं तिकडे पळतात.

दीक्षा हे शालेय साहित्याचं सरकारी ॲप तुमच्या फोनवर असेलच. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड पुसट झाला असेल तर त्याखालची सहा अक्षरं टाइप करूनही तेच साहित्य उघडतं. आदल्या दिवशी उतरवून ठेवा, वर्गात स्कॅन करण्यात मिनिटं घालवू नका. व्हिडिओ चार मिनिटांहून लांब असेल तर तुकडा निवडा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून दाखवा, काय चाललं आहे ते मुलांनाच सांगू द्या, मग आवाजासह. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, त्यात क्यूआर कोड असलेल्या पाठ्यपुस्तकांच्या कामाचा मोठा वाटा होता. त्या कामात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की साहित्य मुलाच्या हातातल्या पुस्तकातच नेऊन ठेवलं.

‘फायफॉक्स’ हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ॲप फोनमधले सेन्सर प्रयोगाला जुंपतं. दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवा आणि दोन्हींवर त्यातलं ध्वनीचं स्टॉपवॉच लावा; ते एका आवाजाला सुरू होतं आणि पुढच्या आवाजाला थांबतं. पहिल्या फोनजवळ एक टाळी, मग दुसऱ्याजवळ एक. दोन्ही फोनच्या वेळांतला फरक साधारण ०.०२९ सेकंद येतो. १० मीटरला (५ जाताना, ५ येताना) त्याने भागा, ध्वनीचा वेग मिळतो. २० अंशांना तो सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद असतो, एप्रिलच्या ३५ अंशांना ३५२ च्या आसपास. पंखा बंद करा आणि आवाजाची मर्यादा वाढवून ठेवा, नाहीतर बाकाच्या खडखडाटानेच घड्याळ सुटतं. दहा वेळा मोजून सरासरी घ्या.

प्रश्न तयार करायला एआयची मदत जरूर घ्या, पण प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून बघा. मराठीच्या नावाखाली हिंदी शब्द घुसतात. ‘छेद’ऐवजी ‘हर’, ‘एकसर जोडणी’ऐवजी ‘श्रेणीक्रम’ आला की मुलं पुस्तकाशी ताडून गोंधळतात.

यंत्रांबद्दल थोडक्यात. फोन टीव्हीला जोडायची केबल विकत घेण्याआधी फोनच्या पोर्टमधून चित्र बाहेर येतं का ते तपासा, स्वस्तातल्या बहुतेक फोनमधून ते येत नाही. पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ त्याच टीव्हीवर आधी चालवून बघा. शेवटच्या बाकावर बसून पडद्यावरचं सगळ्यात लहान अक्षर वाचा. वर्गात फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, घरचा एखादा मेसेज चाळीस मुलांसमोर उघडायला नको. आणि मुलांची नावं, फोटो, जन्मतारखा कुठल्याही ॲपमध्ये भरू नका. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची अट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. हजेरी क्रमांकावर तुमचं सगळं काम भागतं.

पुढच्या पंधरवड्यात एकच तास असा घ्या, परिपथाचा. शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एकदा पूर्ण करून बघा. तासानंतर वह्या गोळा करून समांतर जोडणीचा अंदाज किती जणांचा चुकला ते टाचणवहीत लिहा. तीन आठवड्यांनी, टीव्ही बंद ठेवून, वेगळे आकडे घालून तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि दोन्ही संख्या मला कळवा. वेगळी चूक करणारं एखादं मूल सापडलं तर त्याने कारण म्हणून लिहिलेलं वाक्यही जसंच्या तसं पाठवा.

कळावे, लोभ असावा.