दृष्ट तिकडचीही, इकडचीही

प्रिय सई,

परवा व्हिडिओ कॉलवर आजीने "किती गोड दिसतेय माझी छकुली" म्हणत कानशिलावर बोटं मोडली आणि शेजारी बसलेली तुझी मैत्रीण बघतच राहिली. "आई, असलं फक्त आपल्याकडेच करतात का?" असं तू नंतर विचारलंस.

नाही गं. तुझ्या मैत्रिणीच्याच आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात जुनी माणसं कुणाच्या बाळाचं, वासराचं कौतुक केलं की लगोलग "देव भलं करो" म्हणायची. ते म्हटलं नाही तर नजर लागते, असं मानायची. पऱ्यांचं तर नावही घ्यायचं नाही, "ती चांगली माणसं" म्हणायचं; गावाकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात ना, तसंच. पऱ्या मुलगे पळवून नेतात म्हणून पश्चिम किनाऱ्याला लहान मुलग्यांनाही परकर नेसवायचे. आपल्याकडे आधीची मुलं दगावली असतील तर पुढच्याचं नाव धोंडू, दगडू ठेवायचे. डाव एकच, जीव की प्राण असलेलं पोर क्षुल्लक दाखवायचं. पाळण्यावर ते चुलीचा लोखंडी चिमटा आडवा ठेवत, आपण उशाखाली सुरी नाहीतर अडकित्ता. दोन्हीकडे तान्ही बाळं पटापट जायची, औषध नव्हतं. त्या आयांनी दुसरं काय करायचं?

यातलं काही मला मनापासून आवडतं. 1999 मध्ये क्लेअरमधल्या लाटून इथे नव्या रस्त्याच्या वाटेत हॉथॉर्नचं एकटं काटेरी झाड येत होतं. एडी लेनिहान हे लोककथा सांगणारे गृहस्थ हटून बसले, की हे पऱ्यांचं झाड आहे, तोडू नका. झाड वाचलं.

पण सगळंच जपण्यासारखं नाही, हेही तुला कळायला हवं. 1895 मध्ये आयर्लंडमधल्याच टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची बाई आजारी पडली. ही माझी बायको नव्हेच, पऱ्यांनी बदलून ठेवलेली कुणीतरी आहे, असं म्हणत नवऱ्याने तिला जाळलं. जादूटोण्याच्या संशयावरून आपल्याकडेही बायकांचे बळी गेलेत. महाराष्ट्राला 2013 मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. आजीची मीठ-मोहरी कुणाला इजा करत नाही, म्हणून मी तिला कधी अडवत नाही. आजारी माणसाला डॉक्टरकडे न नेता कुणी अंगारे-धुपारे करायला लागलं, तर मात्र तू गप्प बसायचं नाहीस.

मैत्रिणीपुढे लाजू नकोस. तिच्या आजीला विचार, मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातलं दूध आणि विस्तव बाहेर का द्यायचा नसतो. मलाही सांग, काय म्हणाल्या ते.

तुझी,
आई