मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, एकही सामना न खेळलेला माणूस तिथला मोठा प्रशिक्षक होऊ शकतो का?

हो, नक्कीच. माझ्या मते याचं सगळ्यात भक्कम उदाहरण म्हणजे अर्ल वीव्हर. सेंट लुईसचा हा मुलगा 1948 मध्ये कार्डिनल्स या मेजर लीग संघाच्या यंत्रणेत आला. सेकंड बेसवर (दुसऱ्या तळाजवळ) क्षेत्ररक्षण करायचा, हात पक्के होते. 1952 मध्ये मुख्य संघाच्या सराव शिबिरापर्यंत पोहोचलाही, पण संघात जागा मिळाली नाही. पुढची वर्षं मायनर लीगमध्येच, म्हणजे खालच्या स्तरावरच, गेली.

1956 मध्ये नॉक्सव्हिलला खेळता खेळताच त्याच्याकडे मॅनेजरपद आलं (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात). मग बाल्टिमोरच्या ओरिओल्स या मेजर लीग संघाच्या छोट्या छोट्या संघांत अकरा वर्षं घासली. 1968 मध्ये तो बाल्टिमोरच्या मुख्य संघात फर्स्ट बेस कोच (पहिल्या तळाजवळचा साहाय्यक प्रशिक्षक) झाला आणि त्याच जुलैत मॅनेजर. 1970 च्या वर्ल्ड सिरीजचं (मेजर लीगची अंतिम मालिका) विजेतेपद, एकूण 1480 विजय, 1996 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान.

मला त्याचं खरं मोठेपण दिसतं ते त्याच्या कार्डांत. कुठला फलंदाज कुठल्या पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) कसा खेळलाय, हे तो कार्डांवर नोंदवून ठेवायचा आणि त्यावरून संघ ठरवायचा. संगणक डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या संघाच्या बाकांजवळ) यायच्या कितीतरी आधी!

आणि इनफिल्डरची (तळांजवळच्या क्षेत्ररक्षकाची) नजर शेवटपर्यंत शाबूत होती. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांमधल्या जागेवरचा क्षेत्ररक्षक, चणीनं लहान, चपळ खेळाडूच असावा, असा तेव्हा समज होता. 1982 मध्ये वीव्हरनं सहा फूट चार इंच उंचीच्या कॅल रिपकेनला थर्ड बेसवरून (तिसऱ्या तळावरून) शॉर्टस्टॉपच्या जागी आणलं. रिपकेन पुढे चौदा वर्षं तिथेच खेळला.