पिल्लू की तयार कुत्रा? आधी मधलं वर्ष कोण काढणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३५ मेंढ्या, १० शेळ्या. गेल्या दोन महिन्यांत भटक्या कुत्र्यांनी तीन कोकरं मारली. राखणीचा कुत्रा याआधी कधी पाळलेला नाही. एकाच वेतातली आठ आठवड्यांची दोन पिल्लं मिळतायत, शिवाय कुणीतरी दीड वर्षाचा नर द्यायला तयार आहे. मन पिल्लांकडे ओढतंय, कारण मोठ्या कुत्र्याला लळा लागणार नाही अशी भीती वाटते.

पिल्लं घेऊ नका. निदान आत्ता नको, आणि दोन तर मुळीच नकोत. तो नर बघून या.

कारण साधं आहे. तुमच्याकडे हल्ले आज होतायत. पिल्लू राखण करत नाही, पिल्लाचीच राखण करावी लागते. राखणीच्या जातीची कुत्री हळू पिकतात. पायरेनीस असो, कांगल असो की मारेम्मा, अंगापिंडाने सहा-आठ महिन्यांत वासराएवढी दिसायला लागतात आणि माणूस फसतो. डोकं मात्र दीड ते दोन वर्षांशिवाय ठिकाणावर येत नाही, काहींचं तर अडीच वर्षांनी. चार महिन्यांचं पिल्लू रात्री कळपात सोडलंत आणि भटक्यांची टोळी आली, तर चौथं कोकरू तेच असेल.

आता वयाचं गणित नीट सांगतो, कारण याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते.

कुत्र्याच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत 'आपले कोण' हे कळतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी १९६५ साली हे सविस्तर मांडलं. पुढे रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने अमेरिकेत शेकडो राखणीची कुत्री शेतकऱ्यांकडे देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवलं, आणि ही खिडकी, म्हणजे ओळख पटण्याचा हा काळ, सोळा आठवड्यांपर्यंत धरली. या काळात पिल्लू मेंढ्यांच्या वासात, मेंढ्यांच्या अंगाला अंग लावून झोपलं, तर मेंढी त्याच्या घरची होते. नाही झोपलं, तर मेंढी ही त्याच्यासाठी एक हलणारी वस्तू राहते. मेंढपाळांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. डार्विनने १८३३ मध्ये आजच्या उरुग्वेच्या भागात पाहिलं, की पिल्लू अगदी लहानपणी आईपासून तोडतात, दिवसातून तीन-चार वेळा मेंढी धरून तिचं दूध त्याला पाजतात आणि वाड्यातच लोकरीचं अंथरूण करून देतात. घरातली मुलं आणि दुसरी कुत्री यांच्यात त्याला मिसळूच देत नाहीत.

त्यातला शेवटचा भाग आज तसाच्या तसा उचलू नका. 'राखणीच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, नाहीतर तो बिघडतो' हे मीही ऐकलं, मानलं आणि पस्तावलो. माझ्या दुसऱ्या कुत्रीला कुणी हात लावलेला नव्हता. पायात काटा मोडला तेव्हा तीन माणसं आणि एक जाळं लागलं तिला धरायला. पिल्लाला रोज वाड्यातच हात लावा, पंजे धरा, तोंड उघडून बघा, दोरीने चालवा, गाडीत चढवा. घरात आणून लाडावू नका, एवढंच.

म्हणजे खिडकी सोळा आठवड्यांपर्यंतच उघडी, तर मग पिल्लूच घ्यायला हवं, असं वाटेल. तसं नाही. खिडकीत काय झालं हे महत्त्वाचं, ती खिडकी तुमच्याच वाड्यात उघडायला हवी असं काही नाही. मेंढ्यांत जन्मलेला, मेंढ्यांतच वाढलेला कुत्रा नव्या कळपाशी काही आठवड्यांत जुळवून घेतो. लळ्याची काळजी तुम्ही उलट्या बाजूने करताय. त्याला तुमचा लळा थोडा कमी लागला तरी चालेल, मेंढ्यांचा लागला पाहिजे.

सगळ्यात वाईट खरेदी म्हणजे अंगणात, माणसांत वाढलेलं पाच-सहा महिन्यांचं 'राखणीच्या जातीचं' पिल्लू. मेंढी त्याने पाहिलेली नसते, खिडकी बंद झालेली असते, आणि नेमकं उनाड वय पुढ्यात असतं. विकणाराही बहुधा त्या उनाडपणाला कंटाळूनच विकत असतो.

हे उनाड वय म्हणजेच सगळी मेख. साधारण पाच-सहा महिन्यांपासून चौदा-पंधरा महिन्यांपर्यंत, काहींचं त्याहूनही पुढे, चांगल्या रक्ताचा कुत्रासुद्धा कोकरांशी खेळतो. त्याच्या दृष्टीने खेळच तो. कान चावणं, लोकर ओढणं, मागे लागून पाडणं, वर चढणं. पण कोकरू जीव मुठीत धरून पळत असतं.

माझा पहिला कुत्रा दहा महिन्यांचा होता. चार महिने इतका शहाण्यासारखा वागला की मी निर्धास्त झालो आणि एका रात्री त्याला कोकरांच्या वाड्यात एकटा सोडला. सकाळी एक कोकरू कोपऱ्यात पडलेलं. आधी वाटलं लांडगा. मग वाकून बघितलं, तर गळ्यावर दात नाही, पोट शाबूत. एक कान अर्धा गेलेला आणि मानेवरची लोकर लाळेने ओलीचिंब, दोरीसारखी पिळलेली. रक्त जेमतेम चमचाभर. कुत्रा शेजारी लोळत होता आणि मला बघून शेपूट हलवत होता. दुपारपर्यंत कोकरू गेलं. रात्रभर पळवल्याने, दमछाकीने गेलं. त्या कुत्र्याला तेव्हाच काढून टाकायचं माझ्या डोक्यात होतं. नाही काढला. पुढे तो नऊ वर्षं राखण करत राहिला आणि त्या रात्रीनंतर एका कोकराला त्याचा दात लागला नाही. म्हणजे कुत्रा खराब नव्हता. मी त्याच्यावर वयाच्या आधी जबाबदारी टाकली होती.

या वयात काय करायचं तर: तुम्ही समोर नसाल तेव्हा कोकरांपासून वेगळा, पण जाळीपलीकडे, वास आणि आवाज येईल असा. दिवसा त्याला जाणत्या मेंढ्यांत किंवा एखाद्या खमक्या मेंढ्यासोबत ठेवायचा. अशा जनावराची एक ढुशी आपल्या दहा ओरडण्यांपेक्षा कामाची. पाठलाग करत असेल तर गुरांना बांधतो तसं लोढणं, गुडघ्यापाशी आडवं लटकेल असं, मात्र तुम्ही आसपास असतानाच, नाहीतर कुठेतरी अडकून बसेल. रागवायचं असेल तर दात लोकरीला लागलेला असताना त्याच क्षणी. पाच मिनिटांनी रागावलात तर आपण कशासाठी बोलणी खातोय हे त्याला कळत नाही. आणि त्याचं खाणं वेगळ्या जागी ठेवा. थाळीत तोंड घालायला आलेल्या कोकराला या वयाचा कुत्रा चावून जातो.

हे सगळं वर्षभर, रोज. म्हणूनच पिल्लू घ्यावं की मोठा कुत्रा, याचं उत्तर मी एकाच प्रश्नावर सोडतो: हे मधलं वर्ष कोण काढणार? पिल्लू घेतलंत तर तुम्ही. मोठा घेतलात तर आधीच्या मालकाने काढलेलं असतं आणि तुम्ही त्याचेच जास्त पैसे मोजता. नवख्या माणसाने, तेही हल्ले चालू असताना, ते वर्ष विकत घ्यावं.

दोन पिल्लांचं एवढ्यासाठीच नको म्हणतो. एका वेतातली भावंडं एकमेकांत गुंततात आणि मेंढ्या त्यांच्यासाठी दुय्यम होतात. खेळाला एक सुरुवात करतो, दुसरा सामील होतो, आणि एकट्या पिल्लाने अर्ध्यावर सोडला असता तो पाठलाग दोघं मिळून शेवटाला नेतात. कान जायचे तर त्याच वेळी जातात. जाणता कुत्रा आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, तोच दोघांना सरळ करतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात दडलेली आहे. तुमच्या मेंढ्यांनी कुत्र्यांचा हल्ला पाहिलाय. आता कुठलाही कुत्रा, कितीही सज्जन, त्यांच्यासाठी तोच. पिल्लू आणलंत तर कोकरूवाली मेंढी त्याला भिंतीशी चेपून बरगड्या मोडेल. मोठा आणलात तर पहिले काही दिवस त्या बिथरून जाळीवर जातील. म्हणून आल्या आल्या कळपात सोडू नका. शेजारच्या कप्प्यात, मध्ये मजबूत जाळी, दोन आठवडे तरी. सकाळ-संध्याकाळ दोरीला धरून मेंढ्यांतून फिरवा, तुम्ही शांत, तोही शांत. त्याला बघूनही मेंढ्या रवंथ करत बसल्या, की दोरी लांब करा. लवकर मोकळा सोडलात तर दुसरा धोका असा, की तो कुंपण ओलांडून जुन्या घराच्या वाटेला लागेल.

आता त्या नराकडे. 'दीड वर्षाचा' हे मालक सांगतोय. दात बघा. पिल्लाचे दुधाचे दात २८, सुईसारखे बारीक. पुढचे दात तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बदलतात, सुळे पाचव्या-सहाव्यात, आणि सातव्या महिन्यापर्यंत सगळे ४२ पक्के दात आलेले असतात. म्हणजे सात महिन्यांच्या आत कुणी फसवू शकत नाही. त्यानंतर अंदाजच. कोवळ्या कुत्र्याच्या पुढच्या दातांना तीन-तीन बारीक टोकं असतात. खालच्या मधल्या दोन दातांची टोकं दीड-दोन वर्षांच्या सुमारास झिजायला लागतात. ती करकरीत असतील आणि दाढांवर किटण अजिबात नसेल, तर कुत्रा वर्षाच्या आतबाहेरचा समजा. मात्र दगड किंवा हाडं चघळणाऱ्या कुत्र्यावर हा हिशोब चालत नाही.

दातांपेक्षा मला दुसरा हिशोब पटतो: त्याने मेंढ्यांच्या विण्याचा एक तरी हंगाम कळपात काढलाय का? विणाऱ्या मेंढीपाशी कसा वागतो? वार (विल्यानंतर पडते ती) खाल्ली तर हरकत नाही, ते चांगलंच. ओलं कोकरू चाटून चाटून स्वतःचंच करून घेतलं आणि आईला जवळ येऊ दिलं नाही, तर पुढच्या हंगामात नजर ठेवावी लागेल. एकही हंगाम काढलेला नसेल, तर वय काहीही असो, कोकरांपुरता तो अजून कच्चा आहे असं धरून चला.

आणि बघायला गेलात की आधी मेंढ्यांकडे बघा, कुत्र्याकडे नंतर. तो उठून कळपातून चालत गेला आणि मेंढ्यांनी मान वर न करता चरणं चालू ठेवलं, तर निम्मी परीक्षा पास. तो उठताच त्या एका बाजूला गोळा झाल्या, तर चहा घेऊन परत या. कुत्रा मेंढीजवळ जाताना नजर खाली, डोकं खाली, कधी तिचं तोंड चाटतो, असं असावं. नजर रोखून, दबकत, पाय उचलून थांबणारा कुत्रा हाकण्याच्या कामाचा असेल, राखणीच्या नाही. शेळ्यांतही राहिलाय का तेही विचारा, कारण फक्त मेंढ्या पाहिलेला कुत्रा शेळ्यांच्या उड्यांनी आधी गोंधळतो. का देताय, हे दोनदा विचारा. 'फार भुंकतो' हे कारण असेल तर मी आनंदाने आणेन. 'कुंपणात थांबत नाही' असेल तर नाही आणणार.

औषधपाण्याचं एवढंच: लसी झाल्यात का बघा, रेबीजची तर हवीच, आणि पट्टकृमीचं औषध आणल्याबरोबर द्या, पुढे पशुवैद्य सांगतील तसं ठराविक दिवसांनी. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचं डोकं, आतडी-काळीज कच्चं कधीच घालू नका. मेंढी डोकं वाकडं करून एकाच बाजूला गोल फिरते तो रोग याच वाटेने, कुत्र्याच्या विष्ठेतून, कळपात येतो.

पिल्लाची हौस असेल तर पुढच्या वर्षी करा. हा नर रुळला, एक हंगाम तुमच्याकडे काढला, की त्याच्या हाताखाली एकच पिल्लू आणा, तेही मेंढ्या विण्याच्या दिवसांत नको, दूध तुटलेली कोकरं असतील तेव्हा. वाड्यात एक कोपरा फळ्या मारून असा करा, की फटीतून पिल्लू आत जाईल पण मेंढी जाणार नाही. निम्मं शिकवणं मोठा कुत्राच करेल.

त्या नराला बघायला संध्याकाळी जा, कळप आत येतो त्या वेळेला. दिवसा ही कुत्री झोपलेली असतात आणि झोपलेला कुत्रा कुणाचाही चांगलाच दिसतो. येताना दातांचा एक फोटो काढून आणा, खालचे पुढचे सहा नीट दिसतील असा.