शेजारी कोंडून ठेवलेला तरुण आणि गल्लीचा अधिकार

आपले पत्र मिळाले. सोलापूरच्या पूर्व भागातील आपल्या गल्लीत यंत्रमागावर काम करणारा एक गृहस्थ आई वारल्यापासून आपल्या २६ वर्षांच्या बौद्धिक दिव्यांग भावाला खोलीत कोंडून कामावर जातो. सकाळी लागलेले कुलूप रात्रीच निघते, मधल्या वेळी त्याची ११ वर्षांची मुलगी खिडकीच्या गजांतून काकाला भाकरी आणि पाण्याचा तांब्या देते, आणि त्यापायी तिची शाळा सुटली आहे. विचारायला गेल्यावर "हा आमच्या घरचा मामला आहे, अब्रुनुकसानीचा दावा लावीन" असे आपल्याला ऐकावे लागले. मंडळाच्या मुलांनी दोघांचे चित्रीकरण गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले असून येत्या रविवारी कुलूप तोडण्याचा त्यांचा बेत आहे. शेजाऱ्यांना यात पडण्याचा अधिकार आहे का, असे आपण विचारता.

अधिकार निश्चित आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ नुसार, दिव्यांग व्यक्तीचा छळ होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे सकारण वाटणाऱ्या कोणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे माहिती देता येते. त्यासाठी नाते असावे लागत नाही. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात, म्हणून त्यांच्या नावे अर्ज द्यावा, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. अशी माहिती मिळाल्यावर छळ थांबवण्यासाठी तातडीने पावले उचलणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. सुटकेचा, निर्वाहाचा आणि त्या तरुणाची स्वतःची इच्छा असेल तर संरक्षक ताब्याचा आदेशही त्यांना देता येतो. अर्जात ऐकीव काहीही घालू नका. कुलूप कोणत्या तारखांना, किती वाजता लागलेले पाहिले, आतून हाका आल्या का, जेवण कसे दिले जाते, एवढेच लिहा आणि ज्यांनी स्वतः पाहिले त्यांनीच सह्या करा.

'घरचा मामला' या उत्तराला कायद्यात आधार नाही. सज्ञान माणसाचा भाऊ केवळ भाऊ म्हणून त्याचा कायदेशीर पालक ठरत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हा पातळीवरील स्थानिक स्तर समितीकडे रीतसर अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते, आणि पालक नेमला गेला तरी त्याला कोंडून ठेवण्याचा परवाना मिळत नाही. अब्रुनुकसानीची धमकीही मनावर घेऊ नये, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील आठव्या अपवादानुसार अधिकृत व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. हे संरक्षण व्हॉट्सॲपवरच्या चर्चेला मात्र मिळत नाही. ते चित्रीकरण आजच काढून टाकायला सांगा. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कुलूप तोडण्याचा बेतही सोडून द्यावा, नाहीतर घरात शिरल्याचा गुन्हा आपल्याच मुलांवर नोंदला जाईल. आत कोणी आजारी आहे, मारहाण चालू आहे किंवा जिवाला धोका आहे असे दिसले, तर त्याच क्षणी ११२ वर फोन करून पोलिसांना बोलवा.

मुलीसाठी वाट निराळी आहे. चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा तिचा हक्क आहे, तेव्हा आधी तिच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि १०९८ वर कळवा, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून चौकशी होईल आणि गरज भासल्यास प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाईल. तिला कोणीही परस्पर आपल्या घरी नेऊन ठेवू नये.

माझे स्पष्ट मत असे की, हा भाऊ क्रूर आहे असे आताच धरून चालू नये. आईच्या मागे दिवसभर भावाजवळ कोण बसणार, या प्रश्नाला त्याने सापडले ते वाईट उत्तर दिले असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून अर्जातच दिवसाच्या देखभालीची सोय, दिव्यांग प्रमाणपत्र, संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा यांची मागणी करा. अर्ज लिहून हवा असल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, बालक आणि दिव्यांग व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळतो. हे सर्व रविवारच्या आत करा, आणि अर्जाची पोच मंडळाच्या मुलांना दाखवा.