सगळ्यात स्वस्त राक्षस म्हणजे डॉक्टर

तुम्ही विचारलंय, "पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेत ड्राइव्ह-इन थिएटरांसाठी स्वस्तातले भयपट निघायचे, त्यांत सारखा माथेफिरू शास्त्रज्ञच का असतो? आणि त्यातलं आज बघण्यासारखं काही आहे का?"

उत्तर आधी सांगतो, मग पाल्हाळ लावतो. शास्त्रज्ञ असतो कारण तो परवडतो. आणि हो, बघण्यासारखं आहे. मात्र घाबरायच्या इराद्याने बसलात तर हाती काही लागणार नाही.

मी अभ्यासक वगैरे नाही. बरीच वर्षं मराठी मालिकांच्या सेटवर प्रॉडक्शन सांभाळतोय. एका शिफ्टमध्ये किती सीन निघतात, युनिट एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात हलवलं की अर्धा दिवस कसा पाण्यात जातो, पावसाचा सीन लिहून आणणाऱ्या लेखकाला गोड बोलून तो हॉलमध्ये कसा आणायला लावायचा, हेच माझं काम. त्यामुळे हे पिक्चर मला भीतीदायक कमी आणि ओळखीचे जास्त वाटतात.

जरा हिशोब मांडा. राक्षस हवा तर सूट शिवायला हवा. आत माणूस घालायचा, तो घामाने निथळतो, दर तासाला बाहेर काढावा लागतो. कॅमेरा जवळ नेला की शिवण दिसते. शिवाय राक्षसाला बोलता येत नाही, म्हणजे तो कुठून आला हे सांगायला आणखी एक पात्र हवंच. मग त्या सांगणाऱ्यालाच राक्षस करून टाकला तर? एक पांढरा कोट, एक तळघर, टेबलावर काचेची नळकांडी, त्यात सुक्या बर्फाचा धूर. पिक्चर कृष्णधवल, त्यामुळे नळकांड्यातलं पाणी कुठल्या रंगाचं हेही कुणी विचारत नाही. डॉक्टर उभा राहतो आणि पानंच्या पानं बोलतो. मालिकावाल्यांना हे वेगळं सांगायला नको : सोफ्यावर बसून बोलणारी दोन माणसं याहून स्वस्त सीन जगात नाही.

आता हे सगळं ड्राइव्ह-इनसाठीच का, तर थोडं मागे जावं लागेल. पहिलं ड्राइव्ह-इन १९३३ साली न्यू जर्सीत कॅमडेनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड या गृहस्थाने काढलं. १९५८ च्या सुमारास देशभरात अशी सुमारे ४,००० झाली होती. (आपल्याकडे वांद्र्याला कलानगरपाशी होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल : गाडी उभी करायची आणि काचेतून पडदा बघायचा.) दरम्यान १९४८ साली पॅरामाउंट खटल्याचा निकाल लागला आणि बड्या स्टुडिओंची थिएटरांवरची मालकी मोडली. हक्काची थिएटरं गेल्यावर, एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायचे त्यातले स्वस्तातले दुसरे पिक्चर काढण्यात स्टुडिओंना रस उरला नाही. मोठी माणसं घरी टीव्हीसमोर बसली. उरली ती गाडीची किल्ली हातात आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं आणि त्यांच्यासाठी रात्री दोन पिक्चर शोधणारे थिएटरमालक.

ती पोकळी जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ या जोडीने भरली. १९५४ साली त्यांनी कंपनी काढली, तिचं नाव पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स झालं. त्यांची एक चाल मला फार आवडते. तोवर दोन पिक्चरच्या खेळात दुसऱ्या, दुय्यम पिक्चरला ठरावीक भाडं मिळायचं आणि कमाईतला टक्का फक्त पहिल्याला. यांनी दोन्ही पिक्चर आपलेच बनवले आणि जोडी म्हणून विकले, म्हणजे अख्खा टक्का घरात. दुसरी चाल त्याहून बेरकी : आधी नाव, मग पोस्टर, ते थिएटरवाल्यांना दाखवायचं, त्यांनी मान डोलावली की मग पटकथा. हसू नका. आपल्याकडेही आधी प्रोमो आणि मग कथा असं घडताना मी डोळ्यांनी पाहिलंय.

थिएटरमालकाची खरी कमाई खाण्यापिण्याच्या खिडकीवर व्हायची. तिकिटात वितरकाचा वाटा, हॉटडॉगमध्ये नाही. त्यामुळे प्रेक्षकाने मधे उठून जाणं हे मालकाच्या फायद्याचंच. माझा आपला अंदाज : डॉक्टर तीच ती गोष्ट तीन-तीनदा का समजावतो, याचं एक कारण इथे आहे. प्रेक्षक पॉपकॉर्न आणायला गेलाय, किंवा मागच्या सीटवर वेगळ्याच उद्योगात आहे. पडदा लांब, उजेड तिथवर पोचेपर्यंत अर्धमेला झालेला. पण काचेला टांगलेल्या स्पीकरमधून डॉक्टरचा आवाज मात्र स्पष्ट येतोय.

पैसे कसे वाचवायचे याचे नमुने तर असे आहेत की मी टिपून ठेवलेत. रॉबर्ट क्लार्क नावाचा नट. त्याने 'द हिडियस सन डेमन' स्वतःच काढला : निर्माता तो, नायक तो, दिग्दर्शनातही तो. किरणोत्सर्गाचा अपघात झालेला शास्त्रज्ञ उन्हात गेला की पालीसारखा राक्षस होतो, अशी गोष्ट. क्लार्क कॅमेरा शुक्रवारी भाड्याने उचलायचा आणि सोमवारी परत करायचा, कारण शनिवार-रविवार धरून भाडं एकाच दिवसाचं लागायचं. असे पुष्कळ शनिवार-रविवार जोडून पिक्चर पुरा केला. सूटच्या आतही तोच.

टेक्सासात तर कहर झाला. डॅलसचे रेडिओवाले गॉर्डन मॅक्लेंडन यांचा थिएटरांचाही धंदा होता. त्यांनी १९५९ साली जोडीने दोन पिक्चर काढले. त्यातल्या 'द किलर श्रूज'मध्ये एका बेटावरचा डॉक्टर लोकसंख्येवर उपाय शोधतोय : माणसाचा आकारच लहान केला तर अन्न कमी लागेल. प्रयोग उलटतो आणि चिचुंद्र्या लांडग्याएवढ्या होतात. त्या चिचुंद्र्या म्हणजे अंगावर झुली चढवलेले शिकारी कुत्रे. पळताना शेपूट हलतं, कुत्रा खूश दिसतो. पण त्याच पिक्चरमध्ये एक सीन आहे : चावा बसून विष भिनलेला संशोधक टाइपरायटरपाशी बसतो आणि मरेपर्यंत स्वतःचीच लक्षणं टाइप करत राहतो. ती भूमिका मॅक्लेंडननीच केलीय. कुत्र्यांना हसता हसता मी त्या सीनला गप्प झालो होतो.

दिग्दर्शक एड वूडचा 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर' (१९५५) तुम्हाला कुणीतरी 'जगातला सर्वात वाईट पिक्चर' अशा यादीतून सुचवलाच असेल. पैसे ॲरिझोनातल्या मांसाच्या धंद्यातल्या एका माणसाने घातले, म्हणून नायक त्याचा मुलगा. अणुकिरणांचं यंत्र म्हणून डोक्यावर जे लटकतंय तो फोटोग्राफरच्या डार्करूममधला एन्लार्जर आहे. ऑक्टोपस रबराचा, जुन्या पिक्चरसाठी बनवलेला. तो हलवायची मोटर मिळाली नाही, म्हणून ज्याला गिळायचं तो माणूसच ऑक्टोपसचे पाय स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळून पाण्यात तडफडतो. इथपर्यंत सगळे सांगतात.

जे कमी सांगितलं जातं ते यातला नट बेला लुगोसी याच्याबद्दल. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'तला ड्रॅक्युला तोच; इथे तो सत्तरी उलटलेला, व्यसनाने पोखरलेला. मायदेशातून हाकललेल्या डॉ. व्होर्नॉफची भूमिका. त्याच्या देशाचा माणूस त्याला परत न्यायला येतो, तेव्हा तो खुर्चीत बसून सांगतो की मला घर नाही, मला जनावरासारखं हाकललं, जंगल हेच माझं घर. लुगोसी स्वतः १९१९ मध्ये हंगेरीतली क्रांती फसल्यावर देश सोडून पळाला होता. मागची भिंत रंगवलेली आहे हे दिसतंय, संवाद भडक आहेत हेही कळतंय, आणि तरी त्या मिनिटभरात म्हातारा भिंतीकडे बघू देत नाही. पुढच्याच वर्षी, १९५६ च्या ऑगस्टमध्ये तो गेला.

आता 'हे सगळं विज्ञान म्हणजे थापा' असंही कुणी म्हणेल. तर १९५४ साली मॉस्कोत व्लादिमिर देमिखोव्हने एका कुत्र्याच्या मानेवर दुसऱ्या पिल्लाचा पुढचा भाग, डोक्यासकट, जोडला होता. त्याआधीच ब्रुखोनेन्को या सोव्हिएत डॉक्टरने यंत्राने रक्त फिरवून कुत्र्याचं तुटलेलं डोकं काही काळ जिवंत ठेवल्याचे प्रयोग केले होते. पुढे १९७० मध्ये क्लीव्हलंडला रॉबर्ट व्हाइट यांनी माकडाचं डोकं दुसऱ्या माकडाच्या धडावर बसवलं. तेव्हा पटकथालेखकाने फार काही शोध लावला नव्हता.

यातूनच मी तुम्हाला सुचवणार आहे तो पिक्चर : 'द ब्रेन दॅट वुडन्ट डाय'. दिग्दर्शक जोसेफ ग्रीन. शूटिंग १९५९ चं, पण पडद्यावर यायला १९६२ उजाडलं.

डॉ. बिल कॉर्टनर हा तरुण सर्जन होणाऱ्या बायकोला, जॅनला, घेऊन गाडी भन्नाट पळवतो आणि अपघात होतो. अपघात दिसत नाही. रस्त्यावरच्या पाट्या, चाकं, किंकाळी, धूर, बस्स. (गाडी फोडायची नाही म्हटल्यावर हेच करतात, आम्हीही करतो.) बिल त्या धुरात हात घालतो, काहीतरी कोटात गुंडाळतो आणि पळत सुटतो. पुढच्या सीनला प्रयोगशाळेतल्या टेबलावर एका उथळ ट्रेमध्ये जॅनचं डोकं, पट्ट्या बांधलेलं, नळ्या लावलेलं, जिवंत. नटी व्हर्जिनिया लीथ. पुढे मोठा दिग्दर्शक झालेल्या स्टॅन्ली कुब्रिकच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या पिक्चरमध्ये होती ती. टेबलाला भोक पाडून ती खाली बसलीय, एवढीच काय ती जादू.

आणि आता बघा काय होतं. हात नाहीत, धड नाही, मान हलवता येत नाही. त्या बाईकडे अभिनयाला फक्त डोळे आणि आवाज उरलाय. ती म्हणते, मला मरू दे. बिल ऐकत नाही. तो तिच्यासाठी 'चांगलं' शरीर शोधायला बाहेर पडतो : नाइट क्लबात, रस्त्यावर गाडी हळू चालवत, सौंदर्यस्पर्धेत. बायकांना मानेपासून खाली न्याहाळतो. दिग्दर्शकाला अर्थातच प्रेक्षकातल्या पोरांना या बायका दाखवायच्या होत्या, त्यात शंका नको. पण प्रत्येक वेळी कॅमेरा परत त्या ट्रेपाशी येतो, आणि ती बाई सगळं ओळखून आहे. बिलच्या तोंडी प्रेमाची भाषा आहे आणि डोळ्यांत कसायाची नजर. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. दुसरा सेट परवडत नव्हता म्हणून कॅमेरा परत परत तिथे येत राहिला, आणि येता येता पिक्चर तिचा झाला.

त्या खोलीला एक बंद दार आहे. दारामागे आधीच्या फसलेल्या प्रयोगांचं काहीतरी कोंडलंय. ते फक्त ठोठावतं. तासभर ठोठावतं. डोकं आणि दार यांची मैत्री होते. सहायकाचा हात त्या दाराच्या झडपेत जातो तेव्हा काय होतं ते सांगत नाही, पण त्यानंतर तो जिने चढून-उतरून, भिंतींना टेकत इतका वेळ मरतो की मी पहिल्यांदा बघताना घड्याळ पाहिलं होतं. शेवटी दार मोडून बाहेर येतो तो एडी कारमेल, खराच राक्षसी उंचीचा माणूस. फोटोग्राफर डायान आर्बसच्या १९७० च्या प्रसिद्ध फोटोत ब्राँक्समधल्या घरात छताखाली वाकून, आईवडिलांसमोर उभा आहे, तोच हा. फोटो आधी पाहिला असेल तर त्याच्या एंट्रीला भीती वाटत नाही, भलतंच काहीतरी वाटतं.

हा आवडला तर दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचा 'एक्स' (१९६३) बघा. त्यात पैसे जरा बरे आहेत आणि ऑस्करविजेता रे मिलंड आहे. डोळ्यांत थेंब घालून आरपार बघायला लागलेला डॉक्टर, आणि बघणं थांबवता न येणं. कॉर्मनचाच 'द वास्प वुमन'ही लोक सुचवतात. मला तो अर्ध्यावर कंटाळवाणा झाला.

'ब्रेन' अमेरिकेत स्वामित्वहक्काबाहेर आहे, त्यामुळे नेटवर फुकट सापडेल. फक्त कापलेली प्रत घेऊ नका. साधारण ८२ मिनिटांची असेल तीच बघा, नाहीतर सहायकाचा हात आणि शेवटचा चावा दोन्ही हुकतील. आणि संपल्यावर लगेच बंद करू नका. शेवटच्या पाटीवर पिक्चरचं नाव येतं, ते चक्क वेगळं आहे : 'द हेड दॅट वुडन्ट डाय'. मधल्या काळात नाव बदललं, सुरुवातीची पाटी नवी केली, आणि शेवटच्या पाटीचे पैसे बहुतेक कुणीतरी वाचवले.